अल्टोची वही: पंधरा वर्षं भरण्याआधीची कामं

रविवार, २ मार्च २०२५. मीटर १,१२,४८०

अल्टोची नोंदणी २० जूनला संपतेय. २०१० साली घेतली तेव्हा पंधरा वर्षं म्हणजे किती लांब वाटलं होतं. भाऊ पुण्याहून सांगतोय, भंगारात देऊन टाका. मी आणि अण्णांनी ठरवलंय, गाडी ठेवायची आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवायची. पण रत्नागिरीला तपासणीला न्यायच्या आधी ती खरोखर रस्त्यावर चालवण्याजोगी हवी, निव्वळ पास होण्यापुरती नको.

अण्णा पोफळीच्या वीजगृहात फिटर होते. तिथे प्रत्येक पाळीत मशीनचं रीडिंग वहीत चढायचं, त्यामुळे गाडी आली त्याच दिवशी तिचीही वही सुरू झाली. पहिली सगळी पानं त्यांच्या हातची आहेत. २०२१ नंतर हात थरथरायला लागला, तेव्हापासून मी लिहिते.

आज पाना हातात घेतला नाही, फक्त पाहणी केली. सापडलं ते असं:

ऑइल काळं, डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जरा वर. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल. समोरचा डावा टायर बाहेरच्या कडेने जास्त झिजलेला. डाव्या पुढच्या सीटखालच्या गालिच्याला कुबट वास. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी वरच्या खुणेपर्यंत भरलेली.

आणि ज्या गोष्टीमुळे खरं तर ही पाहणी काढली ती: परवा कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून दोन रेषा वर गेला. एका ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत होते. माथ्यावर पोचल्यावर खाली आला. पंधरा वर्षांत हा काटा तिथून हलल्याची एकही नोंद वहीत नाही.

रविवार, ९ मार्च

काट्याचा शोध. पहिला संशय पंख्यावर. गाडी अंगणात चालू ठेवून उभी केली. काटा निम्म्यावर आला तसा रेडिएटरचा पंखा सुरू झाला, दोनेक मिनिटांनी बंद झाला, पुन्हा सुरू झाला. म्हणजे पंखा, त्याचा रिले आणि सेन्सर तिन्ही ठीक.

गाडी पूर्ण थंड होईस्तोवर थांबले आणि संध्याकाळी रेडिएटरचं टोपण उघडलं. (गरम रेडिएटरचं टोपण कधीही उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि टोपण सुटताच उसळून तोंडावर येतं. शेजारच्या मुलाला हे समजावून सांगितलं, तो बघायला उभा होता.) कूलंट तोंडाशी असायला हवं होतं. बोट घातलं तरी लागेना. मापून ओतलं, ६०० मिली बसलं.

बाजूची टाकी काठोकाठ आणि रेडिएटर निम्मा रिकामा. मी दोन वर्षं दर रविवारी टाकीच बघत होते आणि वहीत ‘कूलंट ठीक’ असं लिहीत होते. त्या सगळ्या नोंदींना आज अर्थ उरला नाही.

खालच्या होजपाइपच्या क्लिपपाशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर होता. क्लिप गंजून सैल झालेली. नवीन लावली, थर पुसून घेतला, म्हणजे पुन्हा आलं तर दिसेल.

शुक्रवार, १४ मार्च. धूलिवंदन

सुट्टी, पण शिमग्याची पालखी यायची होती, म्हणून फक्त बॅटरी. आधी मायनस काढायची, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, जोडून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.२ व्होल्ट होते, म्हणजे अर्धीच चार्ज. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चोख काम करतोय. दोष गंजलेल्या जोडाचा होता की बॅटरीच थकलीय, ते आठवड्याने कळेल.

रविवार, १६ मार्च. मीटर १,१२,६१०

रेडिएटर पुन्हा २०० मिलीने खाली. क्लिपपाशी कोरडं. टाकीतली पातळी वरच्या खुणेच्याही वर.

रात्री झोप लागली नाही. कूलंट कुठेही न सांडता कमी होतं, तेव्हा पहिली भीती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलची. सकाळी उठून एकेक खूण पडताळली. ऑइल भरायच्या टोपणाखाली दुधाळ फेस? नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर? नाही. टोपण काढून थंड इंजिन सुरू केलं, तोंडाशी सतत बुडबुडे? नाही. तिन्ही नाही आल्यावर अण्णांना ओट्यावर जाऊन सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, “टाकीत वाढतंय ना? मग गाडी देतेय, पण परत घेत नाहीये. टोपण आण बघू इकडे.”

रेडिएटरच्या टोपणाला दोन कामं असतात. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, दाब वाढतो, तेव्हा टोपणातली स्प्रिंग उचलली जाऊन जादाचं कूलंट बारीक नळीतून टाकीत जातं. इंजिन निवलं की आत पोकळी तयार होते, आणि टोपणाच्या मधोमध असलेली छोटीशी झडप उघडून तेच कूलंट टाकीतून परत आत ओढलं जातं. अण्णांनी ती बिल्ल्याएवढी झडप नखाने ओढून दाखवली. हलेना. गंजाने चिकटून बसलेली, आणि टोपणाच्या खालच्या रबराला चीर. परत आत येताना कूलंटऐवजी हवाच येत होती. वर टाकीकडची नळीही टोकाशी कडक होऊन फुटलेली.

चिपळूणहून नवं टोपण आणलं. दुकानदाराने दोन दाखवली. जुन्यावर दाबाचा जो आकडा कोरलाय तोच असलेलं घेतलं. जास्त दाबाचं चांगलं असेल असं वाटतं, पण पंधरा वर्षांच्या होजपाइपना तो दाब सोसणार नाही. नळीचं फुटकं टोक दोन सेंटिमीटर कापलं, पुन्हा बसवलं. कूलंट भरलं, तयार मिळतं तेच. नळाचं पाणी घालायचं नाही, क्षार धरतात.

रविवार, २३ मार्च

रेडिएटर तोंडाशी भरलेला. टाकी दोन खुणांच्या मध्ये. बॅटरी १२.५ व्होल्ट, ती वाचली.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

संध्याकाळी घाट चढून आले, मुद्दाम सावकाश. काटा आपल्या जागेवरून हलला नाही. अण्णांना फोनवर माथ्यावरूनच सांगितलं.

यापुढे वहीत दोन ओळी: ‘टाकी’ आणि ‘रेडिएटर, थंड’. टाकी दर रविवारी, रेडिएटर महिन्यातून एकदा.

रविवार, ६ एप्रिल. मीटर १,१२,९०५

ऑइल आणि फिल्टर. वर्ष किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. आमचं नेहमी वर्षच आधी होतं.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं निघतं. पुढची चाकं लाकडी उतारावर चढवली, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना चिरे लावले. चिरा अडवायला ठीक, पण गाडी जॅकवर असताना तिच्याखाली आधार म्हणून चिरा कधीही द्यायचा नाही. जांभा दगड भाराखाली एकदम फुटतो. त्यासाठी लोखंडी स्टँडच हवा.

ड्रेन नट निघता निघेना. गेल्या वर्षी घाईत एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं होतं, तिथे कुणीतरी लांब दांडा लावून तो आवळला असावा. रिंग पान्यावर पाइप घालून हळूहळू सोडवला. वॉशर चपटा होऊन कडेने फाटलेला. नवा घातला. नट हाताने पूर्ण बसवून मग पान्याने पाव वळसा, बास. ऑइलचा चेंबर पातळ पत्र्याचा आणि आटे एकदा गेले की आख्खा चेंबर बदलावा लागतो.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, हाताने आवळलं, पाना नाही. आधी अडीच लिटर ओतलं, इंजिन मिनिटभर चालवलं, दहा मिनिटं थांबले, मग डिपस्टिक बघत बघत वरच्या खुणेच्या थोडं खालीपर्यंत आणलं. जास्त भरणं कमी भरण्याइतकंच वाईट.

जळकं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय, गॅरेजला देणार. पूर्वी आमच्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायचे. आता नाही. घराखालचा पऱ्या (ओढा) पावसाळ्यात सरळ विहिरीच्या अंगाने वाहतो.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घरटं. सुपारीची सालं, भाताचा पेंढा आणि आमच्याच सोफ्यातला कापूस. फिल्टर कुरतडलेला. तो टाकला, डबा पुसला, नवा बसवला. घरटं आहे म्हणजे वायरीही बघायला हव्यात. दिसतील तेवढ्या पाहिल्या, काही सापडलं नाही.

तिन्ही स्पार्क प्लग काढून पाहिले. टोकं फिकट तपकिरी, तिन्ही सारखी. अंतर मापलं, घासून परत बसवले.

रविवार, १३ एप्रिल. मीटर १,१२,९८०

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

चारही चाकं आळीपाळीने काढली. पुढचे ब्रेक पॅड ४ मिमी उरलेत, हे वर्ष निघेल. मागचं उजवं कोरडं. मागचं डावं चाक काढलं आणि टायरच्या आतल्या अंगाला तेलकट ओल दिसली. ड्रमच्या मागच्या पत्र्यावरून एक ओघळ खाली आलेला. वास घेतला. इंजिनचं ऑइल नाही, ब्रेक ऑइल.

बोनेट उघडून ब्रेकची छोटी टाकी बघितली. खालच्या खुणेला टेकायला आलेली. पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, आणि मी गेल्या महिन्यात ‘ब्रेक ऑइल किंचित कमी, पॅडमुळे’ असं लिहून पान उलटलं होतं. भर घातली नाही एवढं बरं केलं, नाहीतर गळती झाकली गेली असती.

याच गाडीने मी दोन आठवड्यांपूर्वी कुंभार्ली उतरले.

गाडी जागची हलवायची नाही असं ठरलं. चिपळूणच्या मिस्त्रींना फोन केला. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या गॅरेजच्या छतापर्यंत गेलं होतं, सगळी हत्यारं गाळात गेली होती. तेव्हापासून ते हत्यारांची एक पेटी कायम गाडीत ठेवतात. शनिवारी घरी येतो म्हणाले. मागचा ड्रम मधला मोठा नट सोडवून बेअरिंगसकट बाहेर येतो, आणि तो परत किती आवळायचा याला अंदाज चालत नाही. हे काम मी शिकेन, पण पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताखाली.

शनिवार, १९ एप्रिल

मिस्त्री सकाळी साडेआठला आले. डावा ड्रम काढला, ब्रेक शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट (आवरण) स्क्रूड्रायव्हरने जरा उचललं आणि आतून पचकन ब्रेक ऑइल आलं. आतला रबर वॉशर गेलेला, सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे. ब्रेक शू भिजून काळे चिकट झालेले.

मी विचारलं, शू पेट्रोलने धुऊन चालतील का?

“ताई, हे अस्तर स्पंजासारखं असतं. वरून धुतलंस तरी तापलं की आतलं वर येणार. आणि एका बाजूचे बदलायचे नाहीत. डावं नवं, उजवं जुनं केलंस तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला खेचेल.”

दोन्ही बाजूंचे शू आणि दोन्ही सिलिंडर बदलले. उजवा सिलिंडर गळत नव्हता, पण बूट उचलल्यावर तिथेही ओल होतीच.

मग सगळं ब्रेक ऑइल बदलणं आणि हवा काढणं. मी पेडलवर, ते चाकापाशी. “दाब... दाब... दाब... धरून ठेव.” ते निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करतात, पेडल पायाखाली बसतं, ते आवळतात, “सोड.” मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक आधी. नळीतून आलेलं पहिलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. नवं जवळजवळ पाण्यासारखं. रंग बदलेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत चारही चाकं, आणि दर चाकानंतर वरच्या टाकीत भर. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

हे दर दोन वर्षांनी का, ते इथे नीट लिहून ठेवते, कारण वहीत गेल्या चार वर्षांत ही नोंदच नाही आणि ती चूक माझी आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. लांब घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर पुढच्या डिस्क याहून कितीतरी जास्त तापतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कोकणात आठ महिने हवेत ओलावा असतो. आमच्या दाराशी घाट आहे. म्हणून दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं. आणि उतरताना दुसरा गिअर, हे तर अण्णांनी पहिल्या दिवशीच शिकवलंय.

शेवटी अंगणात, मग रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने तपासलं. पेडल उंच आणि घट्ट. गाडी सरळ थांबते.

मिस्त्रींनी जेवण करूनच जावं असा आईचा आग्रह होता, तो त्यांनी मानला.

रविवार, २० एप्रिल

व्हील सिलिंडर पुन्हा पाहिले, कोरडे. टाकीची पातळी तीच.

रविवार, २७ एप्रिल

टायर. आमचा आकार १४५/८० आर १२. कडेला चार आकडे असतात, आमच्या पुढच्या दोन्हींवर २३१८, म्हणजे २०१८ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी अजून ३ मिमी, कायद्याच्या १.६ च्या वर. पण कडेला केसासारख्या भेगा. रबर वयाने मरतं, फक्त झिजून नाही. दोन नवे घेतले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली, बाहेरच्या कडेची झीज ती बिघडल्यामुळेच होती. दुकानदार नवे पुढे लावत होता. मी मागे लावायला सांगितले. ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर वेग सोडून गाडी सावरता येते. मागची सरकली तर ती फिरते.

गुरुवार, १ मे

गालिच्याचा कुबट वास. गालिचा उचलला, खाली पत्र्यावर गंजाचे पापुद्रे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं, आवाज टणक, आरपार कुठे नाही. पण पाणी येतं कुठून? मी आत बसले, अण्णांनी पाइपने काचेवर पाणी सोडलं. काचेच्या खालच्या जाळीत फणसाची आणि आंब्याची पानं कुजून माती झालेली, निचऱ्याचं भोक बंद, पाणी तुंबून डाव्या बाजूने आत. दोन ओंजळी माती निघाली. भोकात तार घालून मोकळं केलं, दारांच्या खालची भोकंही.

पत्रा तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासला, रेड ऑक्साइडचे दोन हात. गालिचा चार दिवस उन्हात.

रविवार, १८ मे. मीटर १,१३,७४०

नवीन वायपर रबर. इंजिनचा बाहेरचा पट्टा तपासला, मध्ये अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभराहून कमी दबतो, भेगा नाहीत. टायमिंग बेल्ट (इंजिनच्या झडपांची वेळ राखणारा आतला पट्टा) २०२२ मध्ये ९६,००० ला बदललाय, वहीत नोंद आहे. स्टेपनीत हवा अगदी कमी होती, भरली. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरला, नमुना २५, शुल्क ५,००० रुपये. पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ही कागदपत्रं एका पिशवीत.

रविवार, २५ मे

पाऊस आठवडाभर आधीच सुरू झाला होता, आज मान्सूनच तळकोकणात पोचल्याची बातमी. मे महिन्यात असा पाऊस मला आठवत नाही. आत पत्रा कोरडा, दोनदा हात लावून बघितला.

पण शिरगावपाशी भर पावसात वायपर मध्येच थांबले. गाडी कडेला घेतली. वायपरचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडालेला. डब्यातला सुटा निळा लावला, काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं, तोही उडाला. तिसरा लावला आणि पाण्याच्या बटणाला हात न लावता घरी आले, वायपर नीट चालले. म्हणजे दोष वायपरमध्ये नाही, पाण्याच्या मोटरच्या वायरमध्ये. घरी बंपरच्या आत टॉर्च धरून बघितलं, दोन बोटं लांब वायर सोलून पत्र्याला टेकलेली. दातांच्या खुणा. एप्रिलमध्ये मी वरच्या वायरी बघितल्या होत्या, खालच्या नाही.

बॅटरीची मायनस काढून तुकडा कापला, नवी वायर जोडून टेप, वरून कोरुगेटेड पाइप. २० चा पिवळा फ्यूज लावून वेळ मारून नेता आली असती. मग फ्यूजऐवजी वायर तापली असती.

मंगळवार, १० जून. मीटर १,१४,१२०

पहाटे सहाला निघालो, अण्णा बरोबर. चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा. महामार्गाचं काम आणि पाऊस, तीन तास लागले. काटा जागेवर.

निरीक्षकांनी चेसिस नंबरचा ठसा जुळवला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, ब्रेक मारायला लावले. खाली वाकून मागच्या चाकांच्या आतही टॉर्च मारला. अण्णांना विचारलं, ब्रेकचं काम नवं दिसतंय. अण्णा म्हणाले, “तिने करून घेतलं,” आणि वही पुढे केली. निरीक्षकांनी दोन-तीन पानं उलटून पाहिली.

शुक्रवार, २० जून

नूतनीकरण ऑनलाइन दिसलं. २०३० पर्यंत.

रेडिएटर, थंड: तोंडाशी. टाकी: मध्ये. ब्रेक ऑइल: वरची खूण. डावा गालिचा: कोरडा. उंदरासाठी बोनेटखाली पिंजरा लावलाय, रोज गाडी काढण्याआधी बघायचा.

पुढे: पुढचे पॅड डिसेंबरमध्ये मापणे. ऑइल एप्रिल २०२६. ब्रेक ऑइल एप्रिल २०२७.